कुणाला तरी ठाऊक होतं

जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल बिल्ला. दाबून घट्ट केलेल्या तंतूंचा, तपकिरी-लालसर रंगाचा, वरच्या कडेला दोरा ओवण्यासाठी भोक. एका बाजूला राजमुकुट आणि ‘एस्किमो आयडेंटिफिकेशन कॅनडा’ अशी अक्षरं, दुसऱ्या बाजूला नंबर. १९४१ पासून पुढची तीसेक वर्षं कॅनडाच्या उत्तर टोकाकडचा इनुइट माणूस सरकारदरबारी या नंबरानेच ओळखला जाई. पूर्वेकडच्यांच्या नंबराआधी ‘ई’, पश्चिमेकडच्यांच्या आधी ‘डब्ल्यू’. इनुइटांना आडनाव नसे, नावावरून बाई की बाप्या ते कळत नसे, आणि घशाच्या तळातून येणारे त्यांचे उच्चार ओटावाच्या कारकुनाला लिहिता येत नसत. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे हा बिल्ला.

त्यातल्या अपमानाबद्दल बरंच लिहून झालं आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र दुसराच प्रश्न पडतो. माणसाला नंबर द्यायचा म्हणजे निदान त्याचा हिशेब ठेवायचा. मग मोजलेली, नोंदलेली, गळ्यात नंबर असलेली ही माणसं हरवली कशी?

दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तरेत क्षयाने थैमान घातलं होतं. १९५० पासून ‘सी. डी. हाऊ’ नावाचं सरकारी जहाज दर उन्हाळ्यात, बर्फ फुटलं की, पूर्वेकडच्या वस्त्यांची फेरी करू लागलं. जहाजावरच दवाखाना आणि एक्स-रेचं यंत्र. सगळी वस्ती जहाजावर चढे, छातीचे फोटो निघत, आणि ज्यांच्या फोटोत डाग दिसे त्यांतल्या पुष्कळांना पुन्हा किनाऱ्यावर उतरू दिलं जात नसे. सामान घ्यायला वेळ नाही, धड निरोप नाही. कडेवरचं पोर दुसऱ्या बाईच्या हाती देऊन आया निघून गेल्या. दक्षिणेत हॅमिल्टन, एडमंटन, क्वेबेक सिटी, ब्रँडन अशी ठिकठिकाणी इस्पितळं आणि सॅनेटोरियमं होती. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण त्यांपैकी कुठेतरी खाटेवर होता. एकट्या हॅमिल्टनच्या माउंटन सॅनेटोरियममध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत बाराशेहून अधिक इनुइट येऊन गेले.

बहुतेक जण बरे होऊन परतले, हेही सांगायला हवं. उपचार खरे होते, डॉक्टर-नर्सही बहुतेक भलेच होते. पण जे गेले त्यांचा देह हजारो किलोमीटर उत्तरेला पाठवण्याचा खर्च सरकार करत नसे. इस्पितळाजवळच्या दफनभूमीत, पुष्कळदा नावाच्या दगडाशिवाय, त्यांना पुरलं जाई. घरी निरोप पोचायचा तो रेडिओवरून, मिशनऱ्याच्या नाहीतर पोलिसाच्या तोंडून. कधी फार उशिरा, कधी पोचायचाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात जहाज आलं की घरचे किनाऱ्यावर जाऊन उभे राहत आणि कोण उतरतं ते पाहत. मग त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.

आता यात हरवलं कोण? इस्पितळाच्या नर्सला मृत्यूची वेळ ठाऊक होती. पेटी करणाऱ्याला माप ठाऊक होतं. दफनभूमीच्या कारकुनाला ओळ आणि खड्ड्याचा क्रमांक ठाऊक होता. दफनाचं बिल ज्या टेबलावर पास झालं, तिथल्या बाबूलाही ते ठाऊक होतं. माहिती वॉर्डातून खात्याकडे, खात्यातून हिशेबाकडे, तिथून दप्तरखान्यात बिनबोभाट पोचत होती. फक्त एका दिशेला ती गेली नाही, घराच्या. कॅनडातल्या मूलनिवासी कुटुंबांच्या शोधाबद्दल जितकं वाचत जावं तितकं हेच पुन्हा पुन्हा समोर येतं: माणूस बेपत्ता आहे तो फक्त घरच्यांसाठी. बाकी कुणाला तरी ठाऊक असतंच.

अशा न कळण्याने घराचं काय होतं हे मराठी वाचकाला निराळं सांगायला नको. पानिपताहून सदाशिवरावभाऊंची खात्रीची खबर आली नाही, आणि पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे जाणारे सगळेच काही भोळसट नव्हते. ज्या मरणाची खात्री नाही त्याच्या जागी काहीही उभं करता येतं, एवढंच. आपल्या धर्मशास्त्राने यावर एक कोरडा तोडगा काढून ठेवला आहे: बारा वर्षं वाट पाहा, मग पालाशविधी करा, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्या. विधीवर विश्वास असो नसो, त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. ती बारा वर्षं सरल्यावर वाट पाहणं थांबवायचं की नाही हे तिथे घरचे ठरवतात, दरबार नव्हे.

इनुइटांकडे हे आणखी अवघड होऊन बसतं. त्यांच्यात नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, मुलगा-मुलगी असा भेद न करता. नावाबरोबर नातंही येतं. आजीचं नाव मिळालेल्या नातवाला त्याची स्वतःची आई ‘आई’ म्हणून हाक मारू शकते आणि घरातलं कुणी त्याला हसत नाही. म्हणजे गेलेलं माणूस नावाच्या रूपाने घरात परत येतं. पण ते गेलं की आहे हेच कळलं नाही, तर ते नाव कुणाला आणि कधी द्यायचं? दप्तरखान्यात पडून राहिलेल्या एका कागदाने एका घराची नावांची साखळी अडवून धरली, असं याचं स्वरूप.

८ मार्च २०१९ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी नुनावुटची राजधानी इकालुइट इथे जाऊन या सगळ्याबद्दल माफी मागितली. माफीचे समारंभ कॅनडात आता रुळले आहेत, त्यामुळे त्याबद्दल फार बोलत नाही. त्या दिवशीची मोलाची गोष्ट दुसरी होती. ‘नानिलावुत’, म्हणजे ‘चला, त्यांना शोधू या’, नावाच्या प्रकल्पाचा माहितीसाठा तेव्हा कुटुंबांसाठी खुला झाला. इनुइट संघटना आणि सरकार यांनी कैक वर्षं खपून इस्पितळांची, दफनभूमींची, चर्चची आणि खात्यांची दप्तरं एकत्र लावली होती. तगादा अर्थातच घरच्यांचा.

हे काम कसं चालतं ते जरा जवळून पाहू. समजा, एक बाई येते आणि म्हणते, माझ्या आईची आई जहाजावर गेली ती आली नाही. साल? आई रांगत होती तेव्हा. नाव? ती सांगते, पण कागदात ते तसं सापडणार नाही. इंग्रज कारकुनाने एक स्पेलिंग केलं, फ्रेंच पाद्र्याने दुसरं, इस्पितळाने तिला ‘मेरी’ म्हणून टाकलं. आडनाव शोधावं तर १९७० च्या सुमारास सरकारने ‘प्रोजेक्ट सरनेम’ काढून नंबरांच्या जागी आडनावं दिली. आजी त्याआधीच गेलेली. म्हणजे लेकीला आडनाव आहे, आईला नंबर, आणि दोघींना जोडणारा कागद नाही. तेव्हा आधी वस्ती ठरवायची, वस्तीवरून बिल्ल्यांचा जिल्हा, जिल्ह्यावरून नंबरांची यादी. मग त्या उन्हाळ्यात जहाजावर कोण कोण चढलं, ते कुठल्या इस्पितळात उतरलं, तिथून दुसरीकडे हलवलं का. मग मृत्यूची नोंद, दफनाचा परवाना, दफनभूमीचा नकाशा. ज्या नंबराने नाव पुसलं होतं, तोच नंबर आता नावापर्यंत नेणारा एकुलता एक धागा. शोध घेणारे त्या बिल्ल्याचा तिरस्कारही करतात आणि घरात जुना बिल्ला आहे का हेही पहिल्यांदा विचारतात.

आणि सापडल्यावर? माहिती पाकिटात घालून टपालाने पाठवता येत नाही. साठ वर्षं वाट पाहिलेल्या म्हातारीला तिच्या भाषेत, शेजारी तिचं माणूस बसवून सांगावं लागतं. कुणाला थडग्यापाशी जायचं असतं. त्या प्रवासाची सोयही नानिलावुतमध्ये धरलेली आहे. आणि शोध लागला तरी तो आता ऐकायचा नाही असंही कुणी म्हणू शकतं. मदतीची खरी परीक्षा मला इथे दिसते. मदत करणाऱ्याला निकाल लावायची घाई असते. फाइल बंद झाली की त्याला बरं वाटतं. घरच्यांची घाई निराळी असते आणि त्यांचा संथपणाही निराळा.

क्वेबेक प्रांताने यावर एक पाऊल पुढे टाकलं, तेही बराच उशीर करून. तिथल्या लोअर नॉर्थ शोअरवर पाकुआशिपी नावाची, इनुइटांहून वेगळ्या अशा इन्नू लोकांची छोटी वस्ती आहे. १९७० ते ७२ या काळात तिथली आठ मुलं उपचारासाठी ब्लाँ-साब्लाँच्या इस्पितळात नेली गेली आणि परत आली नाहीत. आई-बापांना बरोबर जाऊ दिलं नव्हतं, पुरलं कुठे तेही सांगितलं नव्हतं. २०१७ मध्ये बेपत्ता आणि खून झालेल्या मूलनिवासी स्त्रियांबद्दलच्या राष्ट्रीय चौकशी आयोगापुढे हे आई-बाप बोलले. आयोग स्त्रियांसाठी नेमलेला, पण बोलायला जागा मिळाली म्हटल्यावर माणसं आपलं दुःख घेऊन येतातच. रेडिओ-कॅनडाच्या पत्रकार ॲन पानासुक यांनी या मुलांचा माग काढला, तेव्हा अशी घरं इतरही वस्त्यांतून निघाली, अतिकामेकवांच्या, क्रींच्या.

अडचण कोणती होती? गोपनीयतेची! रुग्णाचे कागद खाजगी असतात, इस्पितळ ते तिऱ्हाइताला देत नाही. आणि कायद्याच्या लेखी, मेलेल्या बाळाची आईही पन्नास वर्षांनी जवळपास तिऱ्हाईतच ठरत होती. जो नियम रुग्णाला जगापासून वाचवण्यासाठी केला, त्यानेच बाळाला आईपासून लपवलं. १ सप्टेंबर २०२१ पासून क्वेबेकमध्ये कायदा क्रमांक ७९ लागू झाला. १९९२ अखेरपर्यंत इस्पितळात किंवा इतर संस्थेत दाखल झालेल्या आणि पुढे बेपत्ता वा मृत झालेल्या मूलनिवासी मुलांची माहिती घरच्यांना देण्याची वाट त्याने मोकळी केली. त्यात धार्मिक संस्थांचीही दप्तरं आली. घरच्यांना मदत करायला सरकारात वेगळा विभाग झाला, ‘अवासाक’ ही कुटुंबांची संघटना बरोबरीने काम करू लागली, पानासुक सरकारच्या सल्लागार झाल्या. बंद पेटी मिळालेल्या आणि ती उघडू नका असं बजावलेल्या घरांना पेटीत खरंच आपलंच मूल आहे का हे पाहायचं असेल, तर थडगं उघडण्याच्या कामीही हा कायदा साथ देतो. या विषयावरच्या डझनभर अहवालांपेक्षा मला या एका कायद्याचं मोल अधिक वाटतं, कारण त्याने दप्तराचं तोंड घराकडे वळवलं.

निवासी शाळांची कहाणी आपल्याकडे बऱ्यापैकी पोचली आहे, म्हणून थोडक्यात. दीड लाखाहून अधिक मूलनिवासी मुलं घरापासून तोडून या शाळांत घातली गेली. २०१५ मध्ये या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने सांगितलं, की नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक-तृतीयांश नोंदींत मुलाचं नाव नाही. मूल मेलं हे लिहिलं, कुठलं ते लिहिलं नाही. मे २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या अशाच एका शाळेच्या आवारात जमिनीखालचं पाहणारं रडार फिरवलं गेलं आणि मुलांची थडगी सापडल्याचे जगभर मथळे झाले. त्या रडारला हाडं दिसत नाहीत, पूर्वी खणून बुजवलेली माती दिसते. एवढं साधं तंत्र मथळे देणाऱ्यांनी समजून घेतलं नाही, आणि पुढे ‘हाडं कुठायत?’ म्हणून हिणवणाऱ्यांनीही नाही. या दोन गोंगाटांत घरच्यांचा प्रश्न बाजूला पडला. त्यांना किती खड्डे ते नको आहे, त्यांना आपलं मूल हवं आहे. आणि त्याचं उत्तर निम्मं मातीत, निम्मं अजून न उघडलेल्या दप्तरांत आहे.

इथवर सगळं जुनं. ‘तेव्हाचे लोक तसे होते’ म्हणून सुटता येईल असं. म्हणून विनिपेगकडे यावंच लागतं.

मॅनिटोबाच्या या राजधानीतून रेड रिव्हर वाहते. ऑगस्ट २०१४ मध्ये सगकींग वस्तीतल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीचा मृतदेह गुंडाळलेल्या अवस्थेत या नदीत सापडला. नदीत आणखीही कुणी असेल, तळ शोधा, असं बेपत्ता मुलींच्या घरचे म्हणू लागले. पोलीस तयार होईनात. तेव्हा घरचेच होड्या घेऊन उतरले. लोखंडी दांड्याला साखळ्या आणि गळ अडकवायचे, तो होडीमागे सोडायचा आणि गढूळ पाण्यात तळ विंचरत जायचं. काही लागलं की वर ओढायचं: फांदी, टायर, कपडा. ‘ड्रॅग द रेड’ हे त्या मोहिमेचं नाव. ती सुरू करणाऱ्यांतल्या बर्नाडेट स्मिथ यांची स्वतःची बहीण २००८ पासून बेपत्ता आहे. त्या पुढे आमदार झाल्या, आणि मग मंत्रीही.

२०१४ मध्येच केंद्रीय पोलिसांनी आकडा जाहीर केला: १९८० ते २०१२ या काळात खून झालेल्या वा बेपत्ता मूलनिवासी स्त्रिया १,१८१. राष्ट्रीय आयोग बसला, २०१९ मध्ये त्याने २३१ शिफारशी केल्या. आणि २०२२ मध्ये त्याच विनिपेगमध्ये एकाच माणसाने चार मूलनिवासी स्त्रियांचे खून केल्याचं उघड झालं. त्यांतल्या दोघींचे देह शहराबाहेरच्या प्रेअरी ग्रीन कचरा डेपोत असणार, हे पोलिसांना त्या वर्षीच्या जूनमध्येच कळलं होतं. घरच्यांना कळलं डिसेंबरमध्ये. सोबत हेही, की शोधणं शक्य नाही: हजारो ट्रक कचरा वर पडला आहे, त्यात ॲस्बेस्टॉस आहे, कत्तलखान्यांची घाण आहे.

या अडचणी खोट्या नव्हत्या. कचऱ्यात उतरणाऱ्या कामगाराचा जीवही जीवच. पण क्रम पाहा. आधी नकार ठरला, अभ्यास नंतर झाला, आणि तोही मुलींनी-बहिणींनी रस्त्यावर तंबू ठोकल्यावर. मे २०२३ च्या त्या अभ्यासाने सांगितलं, शोध शक्य आहे. खर्च ८ कोटी ४० लाख ते १८ कोटी ४० लाख डॉलर, काळ तीन वर्षांपर्यंत. प्रांताच्या सरकारने नकार दिला. नुसता दिला नाही, त्या वर्षीच्या निवडणुकीत ‘आम्ही ठाम राहिलो’ अशी नकाराची जाहिरात केली. दोन खून झालेल्या बायकांना न शोधणं हे मतं मागण्याचं भांडवल होऊ शकतं, हे एखाद्या मागास हुकूमशाहीत घडलं असतं तर आपण नाकं मुरडली असती. मतदारांनी ते सरकार घालवलं. कॅनडात प्रांताच्या मुख्यमंत्रिपदावर आलेले पहिले फर्स्ट नेशन्स नेते वॉब किन्यू यांनी शोधाचा शब्द दिला. मार्च २०२४ मध्ये प्रांत आणि केंद्राने मिळून ४ कोटी डॉलर मंजूर केले.

कचरा खणून एका मोठ्या शेडमध्ये आणायचा, जमिनीवर पातळ थर पसरायचा, आणि संरक्षक पोशाखातल्या माणसांनी दाताळ्यांनी तो हाताने तपासायचा, अशी ती पद्धत. घरच्यांना विसावायला, विधी करायला जागेवरच वेगळी वास्तू बांधली. २०२४ च्या डिसेंबरात काम सुरू झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अवशेष मिळाले, मार्चमध्ये ते त्या दोघींचेच असल्याची खात्री झाली. जे अशक्य म्हणून सांगितलं होतं ते तीन महिन्यांत झालं.

चौथी स्त्री तोवर अनोळखी होती. तिला बेनाव ठेवायचं नाही म्हणून समाजातल्या वडीलधाऱ्यांनी तिला ‘बायसन-स्त्री’ या अर्थाचं, त्यांच्याकडे अतिशय मानाचं, नाव दिलं आणि खटला त्याच नावाने चालला. मार्च २०२५ मध्ये तिची ओळख पटली. इतकी वर्षं तिचे आई-वडील उत्तरेकडच्या एका दुर्गम वस्तीतून तिला शोधतच होते. म्हणजे एका फाइलीत घर असलेली, देह नसलेली मुलगी. दुसऱ्या फाइलीत खून झालेली, नाव नसलेली बाई. दोन्ही फाइली पोलिसांच्याच.

टोरांटो-मिसिसॉगाकडे स्थायिक होऊन कॅनडाचं नागरिकत्व घेणारी मराठी माणसं आता जी शपथ घेतात, तिच्यात जून २०२१ पासून एक भर पडली आहे: फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटिस या मूलनिवासींचे हक्क आणि करार यांना मान्यता देणाऱ्या संविधानासह इथले कायदे पाळण्याची. सत्य आणि समेट आयोगाच्या ९४ शिफारशींतली ही शेवटची. समारंभात ते वाक्य सहज म्हणून होतं, फोटो निघतात. हॅमिल्टनच्या डोंगरकड्यावरची ती सॅनेटोरियमची जागा तिथून तासाभराच्या अंतरावर आहे. नव्याने आलेल्या माणसाने त्या पापाचा वारसा का घ्यावा, असा प्रश्न मी ऐकला आहे. वारसा घेऊ नये. पण आपल्या करावर चालणारं दप्तर कुणासाठी उघडं आहे आणि कुणासाठी बंद, एवढं विचारायला वारसा लागत नाही.

बेपत्ता आणि खून झालेल्या स्त्रियांबद्दलच्या राष्ट्रीय आयोगाबरोबर २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट सुरू झाली होती, तिची फारशी बातमी होत नाही. ‘फॅमिली इन्फर्मेशन लिएझन युनिट’ असं लांबलचक नाव. प्रत्येक प्रांतात एक छोटी कचेरी. तिथला कर्मचारी कुटुंबाचे प्रश्न लिहून घेतो आणि पोलीस, शवचिकित्सा, सरकारी वकील, बालकल्याण अशी सगळी दारं स्वतः ठोठावतो. शेवटचं पाहिलं कुणी, तपास कुठवर आला, तिचे कपडे कुठे आहेत, ते परत मिळतील का. उत्तरं गोळा झाली की तो घरच्यांबरोबर बसतो, घरचे म्हणतील तिथे आणि म्हणतील तेव्हा. एरवी हीच आई चार खात्यांत चार वेळा तीच कहाणी सांगते आणि चार वेळा तिला विचारलं जातं, मुलगी दारू प्यायची का.

हे युनिट आयोगाच्या मुदतीपुरतं काढलं होतं. आयोग संपला, घरच्यांचे प्रश्न संपले नाहीत, म्हणून मुदत वाढवली, मग पुन्हा वाढवली. कॅनडाचंही आर्थिक वर्ष ३१ मार्चलाच संपतं. तेव्हा फेब्रुवारीत एखादी आई आपल्या मुलीची फाइल घेऊन आली, तर एप्रिलमध्ये ती पुढे चालवायला आपण या खुर्चीत असू की नाही, हे त्या कर्मचाऱ्याला कैकदा छातीठोकपणे सांगता आलेलं नाही.